भात निघालं की या: मुंबईच्या सहल-आयोजकांना खुले पत्र

मुंबईतले सर्व सहल-आयोजक, ट्रेक ग्रुपांचे लीडर आणि सोसायट्यांच्या सहल समित्यांचे पदाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

तारपा पाहिलेला नाही असा माणूस मुंबईत सापडणार नाही. उड्डाणपुलांच्या खांबांवर तो आहे, स्टेशनांच्या भिंतींवर आहे, कुर्त्यांवर, चहाच्या कपांवर, हल्ली लग्नपत्रिकांवरही आहे. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघेनं काढलेला एक माणूस मधोमध उभा राहून लांबलचक वाद्य फुंकतोय आणि त्याच्याभोवती बारीक बारीक माणसांची साखळी गुंडाळत गेली आहे. ते वाद्य म्हणजे तारपा. पण तो कानांनी ऐकलेला मुंबईकर मला क्वचितच भेटतो. मी बोरिवलीत राहते. एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. स्नेहसंमेलनात तीनदा तरी वारली नाच बसवला, मुलांच्या हातात पुठ्ठ्याचा तारपा दिला आणि मागे रेकॉर्डिंग लावलं. खरा तारपा ऐकला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या महिन्यात. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं.

तुमच्यापैकीच एका आयोजकाबरोबर मी ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला गेले होते. नाव घेत नाही, कारण दोष एकट्याचा नाही. शनिवारी दाभोसा धबधबा, संध्याकाळी सनसेट पॉइंट, रात्री 'आदिवासी लोकसंगीत रजनी', रविवारी राजवाडा आणि परत. जाहिरातीतला 'लोकसंगीत' हा शब्द वाचूनच मी पैसे भरले होते. रिसॉर्टच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्यावरचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. दहाबारा तरुण एकसारखी छापील धोतरं नेसून आले. त्यांच्यात एक वयस्क बाबा होते, काखेत तारपा. त्यांच्यासमोर माईक धरला गेला. तारपा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, 'जरा फास्ट वाजवा!' दहाव्या मिनिटाला आमच्यातले पंधरावीस जण साखळीत घुसले. अर्ध्या तासानं आयोजकानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, 'बस झालं काका' म्हणाला, आणि डीजेचं बटण दाबलं. बाबा तारपा पोटाशी धरून तसेच उभे राहिले. त्यांच्याबरोबर सेल्फी काढायला रांग लागली होती.

मी नंतर त्यांच्याजवळ जाऊन बसले. आपण गाणं शिकवतो असं सांगितलं तसे ते मोकळे झाले. म्हणाले, 'बाई, हा पावसात नाही वाजवायचा. पोरांनी पैसे घेतले म्हणून आलो.' मग केव्हा वाजवायचा, असं विचारलं. म्हणाले, 'भात निघालं की या.'

या चार शब्दांसाठी मी हे पत्र लिहिते आहे. त्यांचा अर्थ मला त्या रात्री कळला नव्हता. कळायला दिवाळी यावी लागली.

दिवाळी झाली आणि मी एकटीच निघाले. डहाणू लोकलनं पालघर, तिथून मनोर-विक्रमगडमार्गे एसटी. विक्रमगड मागे पडलं की रस्ता चढू लागतो, कानांना दडे बसतात आणि हवा बदलते. जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. फार नव्हे. महाबळेश्वरच्या तुलनेत ठेंगणंच. पण कोकणपट्टीतून एकदम वर आल्यामुळे डोंगरावर आल्याची जाणीव पुरेपूर होते. ऑगस्टमध्ये ज्या उतारांवर धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं, तिथे आता कापलेल्या भाताची पिवळी खाचरं होती, खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या होत्या, वरच्या वरकस जमिनीवर नागलीचा, म्हणजे नाचणीचा, हंगाम चालला होता. बाबांनी ज्या पाड्याचं नाव सांगितलं होतं तो शहरापासून तासाभराच्या अंतरावर होता. पाड्याचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढच्या शनिवारी तिथे तीन बस उभ्या राहतील.

बाबांनी आधी मला तारपा हातात दिला. सुकवलेला दुधी भोपळा, आतून पोखरलेला. हा आपल्या भाजीचा दुधी नव्हे, मुद्दाम राखलेल्या बियांचा, पोट फुगलेला आणि मान लांब असलेला. दुधीच्या खाली बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बांबूच्याच पातळ जिभा बसवलेल्या. एक नळी नर, एक मादी, असं ते सांगतात. खाली ताडाची पानं गुंडाळून केलेला लांबच लांब कर्णा. सगळे सांधे मेणानं बंद केलेले. एकही खिळा नाही, एकही विकतची वस्तू नाही. त्यांचा तारपा माझ्या छातीएवढा उंच होता. माणसाच्या उंचीचे आणि त्याहून मोठेही तारपे असतात.

आणि मग आवाज. रिसॉर्टच्या माईकमधून जे ऐकलं होतं, त्याचा याच्याशी काहीच संबंध नव्हता. एका नळीतून एक स्वर सतत चालू राहतो, तंबोऱ्याच्या षड्जासारखा, पण खरखरीत, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभं राहावं तसा. दुसऱ्या नळीवर बोटं फिरतात आणि त्या अखंड स्वरावर धून उमटत राहते. मी श्वास कुठे घेतात ते पाहत होते. गाणाऱ्या माणसाला ती सवयच असते. बाबा श्वास घेताना दिसेचनात. गाल फुगलेले, स्वर चालू, आणि मधूनच नाकपुड्या किंचित हलतात. गालात साठवलेली हवा बाहेर सोडत असतानाच नाकानं नवी आत घ्यायची, म्हणजे स्वर तुटत नाही. हे कसब लहानपणापासून अंगी बाणवावं लागतं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस त्या रात्री एकेका वेळी पाऊणपाऊण तास असा वाजवत होता. मी इतकी वर्षं मुलांना 'दम वाढवा, दम वाढवा' म्हणत आले. दम म्हणजे काय ते त्या अंगणात पाहिलं.

नाच रात्री जेवणं उरकल्यावर सुरू झाला. कुणी बोलावलं नाही, कुणी सूत्रसंचालन केलं नाही. सारवलेल्या अंगणात बाबा वाजवायला लागले, आणि दारादारातून एकेक जण येऊन हात गुंफत गेला. पुरुष, बाया, कॉलेजात जाणारी पोरं, एक मुलगी तर शाळेच्या गणवेशातच. साखळीच्या पुढच्या माणसाच्या हातात घुंगरांची काठी, ती तो जमिनीवर आपटून ठेका धरतो. साखळी तारपावाल्याभोवती गुंडाळत जाते, उलगडते, परत गुंडाळते. चित्रातला नागमोडी गोल म्हणजे हाच. पण चित्रात जे दिसत नाही ते असं, की बाबा चाल बदलतात आणि तत्क्षणी चाळीस पावलं बदलतात. कुणी आकडे मोजत नाही, कुणी इशारा करत नाही. चालीचाच हुकूम. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, 'तारप्याला पाठ दाखवायची नाही.' तेव्हा ध्यानात आलं की नाचणारा प्रत्येक चेहरा सतत आतल्या बाजूला आहे, वाद्याकडे. आम्ही ऑगस्टमध्ये साखळीत घुसलो होतो तेव्हा प्रत्येकाचं तोंड मोबाइलकडे होतं.

कोंबडा आरवेपर्यंत हे चाललं. मधे बाबा थांबले की दुसरा कुणी तारपा घेई. दोन तरुण होते शिकणारे. एकाचा स्वर मधेच फाटला तेव्हा बायका हसल्या, आणि बाबांनी काही न बोलता वाद्य त्याच्याच हातात राहू दिलं.

आता त्या चार शब्दांकडे येते. वारल्यांची धान्याची देवता कणसरी. कणसात राहते ती कणसरी. नवं भात घरात आलं की तिचा मान करायचा, त्या आनंदात तारपा वाजायचा. वाघबारशीला वाघदेवाची पूजा, मग दिवाळी, काकडी किसून तांदळाच्या पिठात मिसळून पानात उकडलेली सावेली, उकडलेले कंद, आणि रात्री अंगणात तारपा. पेरणी, लावणी, निंदणी या दिवसांत हात चिखलात असतात आणि कणसरी अजून शेतात असते. तेव्हा तारपा घरात टांगलेला बरा. बाबांच्या पाड्यावर तरी तसं मानतात. म्हणून आपण पावसाळ्यात जे मागवतो, ते मिळतं, पण ते नसतंच. आपला हंगाम धबधब्यांचा. त्यांचा भाताचा. हा साधा मेळ आपण घातला नाही.

दुसरी गोष्ट मला फार लागली, म्हणून सविस्तर लिहिते. नाचणाऱ्यांमध्ये एक जोडपं होतं, पदरात दोन लेकरं. सकाळी चहाच्या वेळी त्या बाईला म्हटलं, पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीला घेऊन येते, तिलाही ऐकव. ती म्हणाली, 'तवा आम्ही नसू. जगायला जाऊ.' जगायला जाणं, हा तिकडचा शब्द आहे. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरतात. भिवंडी, कल्याण, वसई, ठाणे. वीटभट्ट्या, बांधकामं, रेतीची कामं. पावसाच्या तोंडावर भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते. डोंगरउताराची एकपिकी शेती, वर्षभर पुरेल इतकं भात होत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होत्या. तुमच्यातल्या वयस्कांना आठवत असतील. तेव्हापासून पुष्कळ सुधारलं, रस्ते झाले, दवाखाने झाले, २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला. जगायला जाणं थांबलेलं नाही.

म्हणजे पाहा. तारप्याचा हंगाम सुरू होतो आणि काही आठवड्यांत नाचणारे पायच गाव सोडतात. ज्या विटांनी आपल्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्या विटा थापायला. आपण शनिवारी बस करून लोकसंगीत ऐकायला डोंगर चढतो, तेव्हा ते संगीत आपल्याच शहराच्या कडेला, भट्टीजवळच्या झोपडीत, दिवसभर माती तुडवून झोपलेलं असतं.

म्हणून माझी पहिली विनंती आहे, आणि ती कळकळीची आहे: जव्हारच्या सहलींचं कॅलेंडर बदला. पावसाळी सहली बंद करा असं म्हणत नाही. दाभोशाचा लेंढी नदीवरचा तो तीनशे फुटांचा लोट पाहण्यासारखाच आहे. (काळमांडवीला मात्र माणसं नेताना शंभरदा विचार करा. २०२० च्या जुलैत तिथे पाच तरुण बुडाले.) पण पावसाळी सहलीच्या जाहिरातीतून लोकसंगीत काढून टाका. त्याऐवजी दिवाळीनंतरचे दोनतीन आठवडे आणि शिमग्याचे दिवस, जेव्हा कामावर गेलेली माणसं सणाला घरी येतात, तेव्हा लहान गट न्या. बस नको. बारापंधरा माणसं. दोन रात्री. मुक्काम पाड्यावर, तिथल्या घरांत, तिथल्या जेवणावर. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. आमच्या घरात तिखट न खाणारा माझा भाचाही तिथे दोन भाकऱ्या जेवला.

आणि पैसे. हे बोलायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणूनच घोळ होतो. त्या ऑगस्टच्या रात्री आम्ही प्रत्येकी भरलेल्या रकमेतून बाबांपर्यंत काय पोचलं ते मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलेला आकडा लिहायला मला लाज वाटते. रिसॉर्टनं मध्यस्थाला दिले, मध्यस्थानं पोरांना, पोरांनी बाबांना. रक्कम आधी ठरवा, गावातल्या जबाबदार माणसांसमोर ठरवा, वाजवणाऱ्याला वेगळी, नाचणाऱ्या प्रत्येकाला वेगळी, आणि तिथेच हातात द्या. एका कुटुंबाला दिवाळीनंतर एवढं मिळालं की भट्टीवर जाणं महिनाभर लांबलं, तरी त्या घरच्या मुलांची शाळा महिनाभर बुडायची राहील. मी शिक्षिका आहे, मला महिन्याची किंमत ठाऊक आहे.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, लोकांना दोन रात्री पाड्यावर बसवून करायचं काय, त्यांना स्पॉट हवे असतात. स्पॉट भरपूर आहेत, आणि तारपा ऐकलेल्या माणसाला ते जास्त कळतात. जव्हार हे संस्थानाचं गाव आहे. १३४३ च्या सुमारास जयबा मुकणे या महादेव कोळी सरदारानं राज्य उभं केलं असं सांगतात. ते राज्य भारतात विलीन झालं १९४८ साली. सहाशे वर्षं एका आदिवासी घराण्यानं डोंगर राखला, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत किती ओळींत आहे? यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास राजवाडा टेकडीवर काजूच्या झाडांत उभा आहे. गावातला जुना राजवाडा निराळा. शिरपामाळावर जरूर न्या. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचा तळ इथे पडला, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना शिरपेच देऊन सन्मान केला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, अशी तिथली परंपरा आहे. हनुमान पॉइंटवर काट्या मारुतीचं देऊळ आहे, तिथून दरी पाहा. सनसेट पॉइंटची दरी धनुष्यासारखी वळलेली, म्हणून जुन्या माणसांत तिचं नाव धनुकमळ. तिथे उभं राहून एक गोष्ट प्रवाशांना सांगा: या दरीत रात्री कुठेही तारपा वाजला की समोरच्या डोंगरावरच्या पाड्याला कळतं, आज कुणाकडे नाच आहे ते. माईकची गरज तेव्हा कुणाला भासली नव्हती.

सकाळी बाजारात मोगऱ्याच्या कळ्यांच्या पिशव्या दिसल्या तर थांबा. जव्हार-विक्रमगडच्या शेतकऱ्यांचा मोगरा दादरच्या फूलबाजारात येतो. आपण लग्नात माळलेला गजरा याच डोंगरावरून आलेला असू शकतो. हे मला तिथे गेल्यावरच कळलं.

तारप्याशिवायही त्या डोंगरात ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंच काही आपण मागूच नये असं आहे. घांगळी नावाचं तंतुवाद्य आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन भोपळे. भगत, म्हणजे त्यांचा पुजारी, ती वाजवत कणसरीची कथा गातो. काशाच्या थाळीत मेणानं एक काडी उभी रोवतात आणि तिच्यावरून बोटं ओढत नेतात. त्यातून जो झंकार निघतो तो ऐकताना मला आपल्या घरातल्या काशाच्या वाट्या आठवल्या, आजीच्या. ती थाळी मयताच्या विधीतही वाजते. तिचा 'कार्यक्रम' ठेवू नका. लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते; तिच्या गाण्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. कुणी लग्नाला बोलावलं तर जा, आहेर घेऊन जा, पाहुण्यासारखे बसा.

बोहाड्याला मात्र अवश्य न्या. चैत्र-वैशाखात जव्हार, मोखाडा भागातल्या गावांत बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे चढवून देवदेवतांची, राक्षसांची सोंगं मशालींच्या उजेडात नाचत येतात. पुढे संबळ आणि पिपाणी. गणपती, सरस्वती, नरसिंह, वेताळ, रावण... शेवटी पहाटे जगदंबा आणि महिषासुराची लढाई. कुठल्या घरानं कुठलं सोंग घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मुखवट्यांना घराघरांत पूजेचा मान असतो. जव्हारजवळच्या रामखिंडीत हे मुखवटे करणारे कारागीर आहेत. आठवण म्हणून प्रवाशांना काही न्यायचंच असेल तर तिथून न्यावं, त्यांच्या किमतीला, घासाघीस न करता. बोहाडा पाहायला तिकीट नाही, खुर्ची नाही. गावाबरोबर ओट्यावर बसायचं, आणि सोंगाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. मुखवट्याच्या दोन भोकांतून त्या माणसाला मशाल तेवढी दिसत असते, आपल्या फ्लॅशनं तो आंधळा होतो.

तुम्हाला असं वाटू नये की मी तारपा काचेच्या पेटीत ठेवा म्हणते आहे. तो मुंबईत वाजावा, दिल्लीत वाजावा, परदेशात वाजावा. डहाणूच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकातलं चित्र कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे तारप्याची आकृती जगाला ठाऊक झाली. आणि २०२६ च्या पद्म पुरस्कारांत जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदीतले आहेत ते. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या इमारतीत पेढे वाटले. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, नातवाचं काही? म्हटलं, तारप्याचं. मग त्यांना तारपा म्हणजे काय ते दरवाजात उभी राहून अर्धा तास सांगितलं.

त्या बातमीनंतर तुमच्यातल्या अनेकांच्या जाहिरातींत तारप्याचं चित्र आलेलं मी पाहिलं. 'पद्मश्री तारपा नाइट' असंही एक वाचलं. कृपा करून हे करू नका. नव्वदीतल्या माणसाच्या नावावर पावसाळ्यातली शेड भरवू नका.

ज्यांना डोंगरापर्यंत जाणं झेपत नाही, अशा ज्येष्ठांच्या सहलींसाठी एक सुचवते. वारल्यांचे पाडे मुंबईतही आहेत. आरेत आहेत, राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास आहेत. माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. बोरिवलीत इतकी वर्षं राहून मला हे निवृत्तीनंतर समजलं. तिथल्या मंडळींशी बोला, त्यांच्या सणाला त्यांची परवानगी घेऊन दहा माणसं जाऊन बसा. नियम तोच. त्यांचा दिवस, त्यांचं अंगण.

माझं म्हणणं मान्य असलेल्या आयोजकांनी मला कळवावं. मी कुठलीही संस्था काढलेली नाही, काढणारही नाही. मी फक्त बाबांना निरोप देईन, की अमुक दिवशी अमुक इतकी माणसं यायची म्हणतात, चालेल का. ते त्यांच्या पाड्यावर विचारतील. नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर मी स्वतः बरोबर येईन, अंगणात कुठे बसायचं ते दाखवीन, आणि मोबाइल पिशवीत ठेवायला सांगायचं वाईट काम माझ्याकडे राहील.

गेल्या आठवड्यात बाबांच्या नातवाचा फोन आला होता. त्याचाच स्वर त्या रात्री फाटला होता. आता फाटत नाही म्हणाला. दुधीचा वेल मांडवावर चढलाय, यंदा दोन चांगले भोपळे धरलेत, त्यातला एक त्याचा. लावणी उरकली आहे. तुमची उत्तरं भात पिवळं पडायच्या आत आली तर बरं होईल.

आपली,
बोरिवलीतील एक निवृत्त संगीत शिक्षिका